पहिल्या जागेवरचा माणूस

आमच्या मेसवाल्या मामंजींइतके पत्त्यांचे डाव कृष्णेच्या दोन्ही काठांना कोणी पाहिले नसतील, आणि त्यांच्याइतके कमी डाव कोणी खेळलेही नसतील. फौजेत ते ऑफिसरांच्या मेसमध्ये वाढपी होते, पुढं मेस हवालदार झाले. जेवणं उरकली की साहेबलोक पोकर नावाचा विलायती खेळ मांडून बसायचे आणि मामा हातात ट्रे घेऊन त्यांच्या पाठीमागं उभे राहायचे. पंचवीस वर्षं उभे राहिले. टेबलाभोवती फिरताना त्यांना सगळ्यांची पानं दिसायची, पण हसायचं नाही, खोकायचं नाही, भुवईसुद्धा हलवायची नाही. "मी तितला खांब हुतो बघ, सूनबाई," ते मला सांगायचे, "फकस्त त्या खांबाच्या हातात ट्रे हुता." पेन्शनीत आले तेव्हा त्यांनी एक काळी लोखंडी ट्रंक आणली आणि अंगात अशा काही सवयी आणल्या की त्यांवर आमच्या गावाची कितीतरी वर्षं करमणूक झाली.

ते माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ, म्हणजे नात्यानं माझे चुलत सासरे. मी त्यांना मामा म्हणायची. त्यांची बायको लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी गेली. मूलबाळ नव्हतं, परत लग्न केलं नाही आणि फौजेत जाताना जमिनीतला आपला हिस्सा धाकट्या भावाला सोडून दिला. त्यामुळं पलूसकडच्या आमच्या घरात ते सगळ्यांत वडीलही होते आणि पाहुणेही होते. सोप्यालगतच्या खोलीत एक खाट, ती ट्रंक आणि भिंतीला आरसा, एवढाच त्यांचा संसार. पण त्या खोलीत गेलं की वाटायचं, आता कोणीतरी मोठा साहेब जेवायला येणार आहे.

त्यांचा डावा हात कायम कोपरात वाकलेला आणि पंजा वर उघडा असायचा. बांधावरून चालोत, देवळात उभे असोत, त्या पंजावर न दिसणारा ट्रे असायचाच. एकदा शेजारची म्हातारी शेंगा फोडत बसली होती. मामांचा उघडा पंजा बघून तिला वाटलं, हवालदार शेंगा मागतोय. तिनं पंजावर मूठभर शेंगा ठेवल्या. मामा क्षणभर गोंधळले, मग त्या शेंगा तशाच तोल सांभाळत घरी घेऊन आले आणि सासूबाईंसमोर कमरेत वाकून धरल्या. दुसरं म्हणजे, मेसमध्ये साहेबाला पाठ दाखवायची नसते. मामा घरातही कोणाला पाठ दाखवत नसत. बोलणं संपलं की उलटे चालत निघायचे. असेच एकदा सासऱ्यांशी बोलून उलटे निघाले ते थेट म्हशीच्या पाण्याच्या डोणीत जाऊन बसले. म्हैस फुरफुरली. मामा पाण्यातून उठले, तिला "सॉरी म्याडम" म्हणाले आणि पुन्हा उलटेच खोलीत गेले.

आणि वाढायचं ते डाव्या अंगानं, पाठीमागून. ही त्यांची शिस्त. भावकीतल्या एका लग्नात त्यांनी पंगतीत आमटी वाढायला घेतली. पंगत भिंतीला टेकून बसलेली, पाठीमागं जागा कुठली? मामांनी सगळ्या पंगतीला पानांसकट हातभर पुढं सरकायला लावलं आणि आपण भिंतीच्या आणि माणसांच्या मधून आडवे चालत वाढायला लागले. शेवटी नवऱ्या मुलाचा बाप मान पुसत म्हणाला, "आवं हवालदार, आमटी पानात वाढाय आलाय का आमच्या पाठीला लावाय?" मामा म्हणाले, "डाव्या अंगाला बगा की सायेब, पानातच हाय." आणि खरंच, पानात एक थेंब इकडचा तिकडं झाला नव्हता. जे काय सांडलं ते माणसांवर.

सासरे वारले आणि घराचा कारभार थोरल्या दिरांकडं आला. आमचे हे पलटणीत, वर्षातून एकदा रजेवर यायचे. थोरले दीर कष्टाळू, सरळ, पण झाकलेली कुठलीच गोष्ट त्यांना सहन होत नसे. चुलीवरच्या प्रत्येक भांड्याचं झाकण काढून बघायचे. उसाची लागण केली की चौथ्या दिवशी मातीतली कांडी उकरून डोळा फुटला का बघायचे, आणि मग तीच कांडी परत पुरायचे. "आरं, त्येला झोपू दे की," मामा म्हणायचे. आमच्याकडच्या रीतीप्रमाणं थोरले दीर माझ्याशी समोरासमोर बोलत नसत. "च्या आणाय सांगा," असं भिंतीला किंवा सासूबाईंना म्हणायचे आणि ते मला लागू व्हायचं. मी डोक्यावर पदर घेऊन चहा न्यायची. नेताना त्यांच्यापुढं माझे हात असे कापायचे की कपबश्यांचा खुळखुळाट गल्लीपर्यंत ऐकू जायचा. गल्लीतली माणसं म्हणायची, "थोरला घरला आला वाटतं."

सत्तर सालच्या सुमाराला मामांनी आमच्या सोप्यात पोकर सुरू केला. दुपारची जेवणं झाली की चौघंजण जमायचे: मामा, थोरले दीर, पेन्शनीत आलेले गुरुजी आणि किराणा दुकानदार. खेळ साधा होता. प्रत्येकाला पाच पानं, एकदा बोली, मग नको ती पानं टाकून नवी घ्यायची, आणि शेवटी परत एकदा बोली. ज्याला पुढं जायचं नाही त्यानं पानं खाली टाकायची. ज्याला खात्री करायची त्यानं "दावा", म्हणजे दाखवा, म्हणायचं. पैशाला मामांनी हात लावू दिला नाही, बोली चिंचोक्यांची. पण दुकानदाराच्या दुकानात चिंचोक्यांचं पोतंच होतं. तो घरून खिसा भरून आणायला लागला. हे कळल्यावर मामांनी खेळातले चिंचोके कपड्यांच्या निळीत बुडवून निळे केले. फसवणूक थांबली, पण खेळणाऱ्यांची बोटं निळी व्हायला लागली. गुरुजींची बायको त्यांच्या हाताकडं बघूनच विचारायची, "आज बी हवालदाराकडंच व्हय?" आणि गुरुजी हात पाठीमागं लपवायचे.

पहिल्याच दिवशी मामा प्रत्येक डाव हरले. पंचवीस वर्षं पोकर पाहिलेला माणूस हरला, याचं गावाला मोठं नवल वाटलं. मामा मात्र कळवळून म्हणाले, "आजवर मला समद्यांची पानं दिसायची रं. नुसती आपली पाच धरून बसायचं म्हंजी आंधळ्यागत झालं."

त्यात आणखी एक अडचण होती. खऱ्या खेळात पानं वाटण्याचं काम फिरत राहतं आणि वाटणाऱ्याच्या शेजारचा आधी बोलतो, त्यामुळं प्रत्येकाला आधी बोलायची पाळी येते. मामांनी हे चारचारदा समजावलं. पण आमच्या सोप्यात वडील माणसाच्या आधी तोंड कोण उघडणार? गुरुजींची पाळी आली की ते गप्प. "आदी तुमी बोला हवालदार. तुमी असताना मी कसा बोलू?" दुकानदार कानाला हात लावायचा. शेवटी आमच्या गावचा पोकर असा झाला की पानं कोणीही वाटो, पहिली बोली मामांचीच. आणि मामा सांगायचे की या खेळात पहिली जागा सगळ्यांत वाईट. पाठीमागचे तिघं काय करणार ते आपल्याला ठाऊक नसतं, आणि आपण काय केलं ते तिघांना बघायला मिळतं. मानाची जागा ती, आणि सगळं नुकसान तिथंच.

मग त्या जागेवर बसून मामांनी आपली एक तऱ्हा काढली. पहिल्या बोलीला एकच चिंचोका पुढं सरकवून म्हणायचे, "मी नुसता बसलोय." पानं बदलून झाली की शेवटच्या बोलीला एकदम पसाभर निळे चिंचोके धाडकन मधे टाकायचे. झालं. तिघांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. गुरुजी डोळे मिटून काहीतरी पुटपुटत, दुकानदार ताबडतोब पानं टाकून अंग चोरून बसे, आणि थोरले दीर दर वेळी, अगदी दर वेळी, म्हणत, "दावा!" झाकलेलं पान ते कसं सोडणार? कधी मामांकडं तीन राजे निघत, कधी दुर्री-तिर्री. दीर कधी जिंकत, कधी हरत, पण न बघता उठत नसत.

एकदा गुरुजींनी हात जोडून विचारलं, "हवालदार, ह्ये वळखायचं कसं? पयल्या जागंवर बसून, गप ऱ्हाऊन, शेवटाला एवडं चढवता, तवा तुमच्याकडं काय असतंय?" मामांनी पानं खाली ठेवली आणि मेसमधल्यासारखे ताठ बसले. "गुरुजी, पयल्या जागंवरचा मानूस भितो. पाठीमागं कोण काय करंल त्येचं त्येला भ्या असतंय. असा मानूस शेवटाला उडी घालतो तवा त्येच्याकडं समदं असतंय न्हाईतर काईच नसतंय. मधलं असतंय तो कशाला उडी घालंल? गप बसंल." "ते खरं. पर समदं का काईच न्हाई, ह्ये कळायचं कसं?" "त्यानं पयल्यापास्नं काय सांगितलंय त्ये आठवायचं. शेवटची उडी पयल्या बोलण्याशी जुळती का बगायचं. जुळली तर भ्यायचं." जरा थांबून मामा हसले. "आनि त्येच्या तोंडाकडं न्हाई बगायचं. त्येच्या पाठीमागं ट्रे घेऊन कोन उभं हाय, त्येच्या तोंडाकडं बगायचं. सायेबलोक माज्याकडंच बगायचं."

तेव्हा मी त्यांच्या पाठीमागंच चहाचा ट्रे घेऊन उभी होते.

मी रोज तिथं उभी असायची. चहा आणायचा, डाव संपेपर्यंत दाराशी थांबायचं, कप उचलून न्यायचे. उभं राहून राहून मला तो खेळ कळायला लागला होता. कोणाला सांगितलं नव्हतं, सांगायचं तरी काय? एका दुपारी मामांच्या हातात एकसारखे चार गुलाम आले आणि दुकानदार, कधी नव्हे तो, पुढं सरसावला. मला त्याची कीव आली. तेवढ्यात माझ्या हातातल्या कपबश्या वाजल्या. दुकानदारानं मान वर केली, माझ्याकडं पाहिलं आणि पानं टाकली. खेळ मोडल्यावर मामा स्वयंपाकघराच्या दाराशी आले.

"सूनबाई, तुला खेळ कळतोय."

"न्हाई मामा. मला काय कळणार."

"खोटं बी झाक बोलतीस. तोंडावर काईसुदिक दिसंना. पर हात बोलतोय तुजा."

दुसऱ्या दिवसापासून माझं शिक्षण सुरू झालं. पत्र्याचा एक ट्रे, त्यावर गुलाबाची फुलं काढलेली, मामांनी मुद्दाम सांगलीहून आणला. त्यात काठोकाठ पाण्यानं भरलेले चार कप ठेवायचे आणि तो मी एका हातावर धरून उभं राहायचं. मामा समोर बसून एकेक पान उलटं करायचे. राजा. राजा. पुन्हा राजा. "पोटात काय बी हू दे. हातात न्हाई आलं पायजे. श्वास नाकानं घे. कपाकडं बगू नको, कप आपलं आपण बगत्यात." सासूबाई जोंधळे निवडता निवडता बघायच्या आणि म्हणायच्या, "दोगं बी खुळी झाल्यात." महिन्याभरात मला जमलं. मामांसमोर एक थेंब हलत नसे. पण संध्याकाळी थोरले दीर घरी आले, "च्या आणाय सांगा," असं भिंतीला म्हणाले, की पुन्हा तो खुळखुळाट. मामा कपाळावर हात मारून घ्यायचे.

मग ते बहात्तरचं साल आलं. माझं माहेर माणदेशातलं. आमच्याकडं उसाचं नाव नाही, मेंढरं हाच संसार. त्या साली तिकडं पाणी तर नव्हतंच, झुडपांना पाला राहिला नव्हता. वडील आधीच गेले होते, धाकटा भाऊ मेंढरं बघायचा. बरीचशी वाटेत मेली, उरलेली घेऊन तो आणि त्याची बायको चालत चालत कडेगावावरून खाली आमच्या गावाला आले. बायको मेंढरं घेऊन ओढ्याला थांबली. भाऊ आमच्या अंगणात लिंबाखाली काठी टेकवून बसला. आत यायला तयार नाही. पायातल्या वहाणांचे तळवे गेलेले. मी पाणी नेलं तेव्हा हळूच म्हणाला, "आक्का, पाऊस पडंस्तवर वढ्याकडंच्या तुकड्यात बसवू दे म्हणावं. वाडं खातील, खत पडंल. न्हाईतर कसायाला देतो आनि ममईला जातो हमालीला. इचारतीस का?"

वाडं म्हणजे उसाचे शेंडे. तोड चालू होती, वाडं रानात पडूनच होतं. आणि एरवी आमच्याकडचे शेतकरी मेंढरं रानात बसवायला धनगराला धान्य देतात. पण त्या साली प्रत्येकाच्या विहिरीचा तळ दिसत होता आणि रोज एक तरी कळप गावाच्या शिवेवरून परत पाठवला जात होता. मी थोरल्या दिरांना कसं विचारणार? अकरा वर्षांत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. मामा खोलीत बूट पुसत होते. मी दारात उभी राहिले आणि "मामा, माजा भाऊ," एवढंच म्हणाले. मामांनी खिडकीतून लिंबाखाली पाहिलं. "बगू," म्हणाले, आणि दुसरा बूट पुसायला घेतला.

दुपारी खेळाची वेळ झाली, गुरुजी आणि दुकानदार आले, पण पानं निघाली नाहीत; ओढ्याला थांबलेली मेंढरं सगळ्या गावानं पाहिली होती. दीर म्हणाले, "आदी त्या मेंढरांचं बगू." मी चहाचा ट्रे घेऊन मामांच्या पाठीमागं उभी राहिले. दारातून लिंबाखाली बसलेल्या भावाची पाठ दिसत होती.

"आबा, तुमी वडील," दीर मामांना म्हणाले. "आदी तुमी बोला."

"मी काय बोलू? मी नुसता बसलोय," मामा म्हणाले. "तुज्या बापाची आठवन आली, येवडंच. वढ्याकडच्या तुकड्यावर त्येचा लय जीव."

मला वाटलं होतं, मामा माझ्या भावासाठी काहीतरी बोलतील.

गुरुजी म्हणाले, एका कळपाला होय म्हटलं की मागनं चार येतात, मग त्यांना कसं नाही म्हणायचं? दुकानदार म्हणाला, "तोंडावर बोलू ने, पर खोडव्याला कोंब आल्यात. मेंढरू कोंब ठेवतंय व्हय?" दोघं बोलले ते काही खोटं नव्हतं; खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारं दुसरं पीक, त्याचे कोवळे कोंब मेंढरं आधी खातात. दीर बराच वेळ मिशीवरून बोट फिरवत राहिले.

"माजं बी त्येच म्हणनं हाय," शेवटी ते म्हणाले. "भाऊ पावना हाय, चार दिस ऱ्हाऊ दे. पर मेंढरं काय पावनी न्हाईत. उद्या सकाळी म्होरं नेऊ देत. भाकरी बांधून द्याय सांगा."

भाकरी बांधायचं मला सांगितलं होतं. मी वळणार, तेवढ्यात मामा म्हणाले, "थांब." आवाज चढलेला नव्हता. पण ते ताठ बसले होते.

"वढ्याकडचा तुकडा माजा हाय. तितं मेंढरं बसतील."

दीर म्हणाले, "आबा, तुमी तर समदं सोडून दिलं हुतं."

"दिलं हुतं. तुजा बाप जायाच्या आदी महिनाभर माज्या खोलीत आला. म्हनला, दादा, म्हातारपणी मानसाला उभं ऱ्हायाला सोताची जागा लागती. जित्ता हाईस तवर वढ्याकडचा तुकडा तुजा. लिवून दिलंय त्यानं. ट्रंकंत हाय."

गुरुजींनी डोळे मिटले. मला त्यांच्या मनातलं कळत होतं. ते पहिलं बोलणं आठवून बघत होते: बापाची आठवण, त्या तुकड्यावरचा जीव. सगळं जुळत होतं. दुकानदारानं तर पानं हातात नसताना टाकल्यासारखी मान खाली घातली.

आणि ट्रंकेत काय आहे हे त्या घरात मला एकटीला ठाऊक होतं. दिवाळीच्या आधी मामांनी ऊन द्यायला ती माझ्या हवाली केली होती, तेव्हापासून किल्ली माझ्याच पदराच्या गाठीत असायची. आत मेसचा पांढरा कोट, पांढरे हातमोजे, लाल पट्टा, मामींचा एक फोटो, पत्त्यांचे सहा जोड आणि चांदीसारखा चकाकणारा एक काटा. पेन्शनीच्या पुस्तकाशिवाय कागदाचा कपटाही नव्हता.

दिरांनी मान वर केली. ते काय म्हणणार हे सोप्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"दावा," ते म्हणाले.

मामांनी पाठीमागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "सूनबाई, ट्रंकंची किल्ली तुज्यापाशी हाय न्हवं? भावजींना दे. त्येंच्या हातानं उगडू दे."

तिघंही माझ्याकडं बघायला लागले. मामांच्या पाठीमागं ट्रे घेऊन मीच उभी होते. लिंबाखाली भाऊ तसाच पाठमोरा होता. मी ट्रे डाव्या पंजावर घेतला. उजव्या हातानं पदराची गाठ सोडली, किल्ली काढली आणि ट्रेमध्ये, दिरांच्या कपाशेजारी ठेवली. मग चालत गेले. आमचा सोपा काही मोठा नाही, सहा-सात पावलं असतील. कपांकडं बघितलं नाही. दिरांच्या डाव्या अंगाला गेले आणि वाकून ट्रे पुढं धरला. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्याकडं बघितलं असेन. एक कप वाजला नाही. चहा कपात गोठल्यासारखा उभा होता.

दिरांनी किल्लीकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. मग हात पुढं केला आणि कप उचलला. किल्ली तशीच राहिली.

"बापाच्या शब्दाचा कागद काय बगायचा," चहाचा घोट घेऊन ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या आबा. बसू द्या मेंढरं. पर एक जरी खोडव्यात शिरलं..."

"शिरलं तर मी हाय," मामा म्हणाले.

मी स्वयंपाकघरात गेले, ट्रे खाली ठेवला आणि किल्ली परत पदराच्या गाठीत बांधली. मामा उलटे चालत दारापर्यंत आले, पाठ माझ्याकडं, तोंड सोप्याकडं, आणि न वळता हळूच म्हणाले, "डाव्या अंगानं दिलास. व्हेरी गुड."

पाऊस पडेपर्यंत मेंढरं ओढ्याकडं राहिली. मामा रोज सकाळी खोडव्याच्या कडेला जाऊन उभे राहायचे, डावा हात तसाच वाकलेला, आणि एखादं मेंढरू कोंबांकडं वळलं की त्याला वाकून म्हणायचे, "नो सर, तिकडं न्हाई, हिकडं." माझी भावजय हसून हसून खाली बसायची. जाताना भावानं मामांना एक काळं घोंगडं दिलं. मामांनी ते पांघरलं नाही. पत्त्यांच्या खाली अंथरायला घेतलं, म्हणाले, मेसमध्ये टेबलावर असंच जाड कापड असायचं.

त्यानंतर चार हिवाळे मामा होते. पाचव्यात एका सकाळी चहा पिऊन कप बशीत नीट उलटा ठेवला आणि खाटेवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. दिवसकार्य झाल्यावर थोरल्या दिरांनी ट्रंक सोप्यात आणायला सांगितली. मी किल्ली दिली. त्यांनी झाकण उघडलं, कोट बाहेर काढला, हातमोजे काढले, फोटो बघितला, पत्त्यांचे जोड बघितले. तळाशी हात फिरवला. सासूबाई उठून आत गेल्या. मी खांबाशी उभी होते. माझी मान खाली होती.

"कागद न्हाई," दीर म्हणाले. या वेळी भिंतीला नाही. मला म्हणाले.

मी मान वर केली.

"मला तवाच ठावं हुतं," ते म्हणाले. "अकरा वरसं माज्याम्होरं तुज्या हातातल्या कपबश्या वाजत हुत्या. त्या दिशी वाजल्या न्हाईत. ट्रंकंत कागद असता तर तुला झाकायचं काय हुतं, वाजल्या असत्या रोजच्यागत. म्हटलं, हिनं हाताचा दगुड केलाय, म्हंजी आत काई न्हाई." ते हातमोज्यांची घडी घालत होते, पण ती नीट बसत नव्हती. "जन्मात येकच डाव न बगता सोडला बग. त्यो बी बगितलेलाच हुता."

मग त्यांनी सगळं जसं होतं तसं ट्रंकेत ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्यासमोर जमिनीवर ठेवली.

दीर माझ्या हातावरून ओळखतील हे मामांना ठाऊक होतं का, याचा मी अजून विचार करते. कपबश्या न वाजवायला मला त्यांनीच शिकवलं. आपल्या पुतण्याला ते लहानपणापासून ओळखत होते, तो झाकलेलं काही सोडत नाही हे त्यांना माहीत होतं. मग त्याच्यापुढं अशी उडी त्यांनी कशाच्या जोरावर घातली? त्यांच्याकडं सगळं होतं की काहीच नव्हतं? विचारायचं राहून गेलं. कधी कधी वाटतं, त्या दिवशी मामा पानं खेळलेच नाहीत. ते माणसांवर खेळले, आणि थोरले दीर आणि मी, आम्ही दोघंही त्यांच्या हातातली पानं होतो.

आता पोकर कोणी खेळत नाही. गुरुजी लेकाकडं गेले, दुकानदार दुपारी झोपतो. निळे चिंचोके मी एका बरणीत ठेवलेत, कधी झाकण काढून हात घातला तर बोटांना अजून निळा रंग लागतो. थोरल्या दिरांना दुपारचा चहा मीच नेते. त्या गुलाबाच्या ट्रेमधून नेते, डाव्या अंगानं देते. त्यांच्यापुढं माझे हात आता कापत नाहीत. पण सोप्याच्या उंबऱ्याशी आले की मी ट्रे जरासा हलवते, कपबश्या खुळखुळू देते. उगीच त्यांना वाटायला नको की मी काही लपवतेय. मामा असते तर खोलीच्या दारातूनच त्यांनी ते ओळखलं असतं, आणि भुवईसुद्धा हलवली नसती.